अद्याप सक्षम नाही

विश्रांतवाडीतल्या सुदर्शनशेठच्या बेकरीत सकाळी सहाला पावाची पहिली लादी निघते. ती निघाली, की मुक्ताई गावंडे तिच्या कडेवर दोन बोटं दाबते. दाबलेली जागा हळूच वर आली तर पाव झाला. नाही आली तर ती तोंडानं काही म्हणत नाही. लादी परत आत सरकवते आणि ज्यानं ती काढली त्याच्याकडे नुसतं बघते. त्या बघण्याला बेकरीतली पाचही माणसं टरकून असतात. खुद्द शेठही त्या वेळी हातातला पेपर जरा वर धरतात.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी नवऱ्याला, हिंमतरावांना, चाकणच्या कारखान्यात काम लागलं, म्हणून ती वाशिम जिल्ह्यातून, कारंज्याजवळच्या गावातून पुण्यात आली. बेकरीत तिला काम मिळालं ते खारी पिशवीत भरायचं. ती भरता भरता तिनं खारी नीट बघून घेतली. पदर कधी सुटे होतात, कधी एकमेकांना चिकटून बसतात, उन्हाळ्यात पीठ का रुसतं, सगळं. एक दिवस मळणारा माणूस गावाला गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी मुक्ताईनं कोणाला न विचारता मैद्याचं पोतं फोडलं. संध्याकाळी शेठनी विचारलं, "आज खारी कोणी केली?"

"मी."

"हं," शेठ म्हणाले.

पुण्यात 'हं' म्हणजे पुष्कळ झालं, असं तिला शेजारणीनं सांगितलं होतं. तिनं ते कौतुक म्हणून घरी नेलं.

पुढची सहा-सात वर्षं पीठ तिचं, भट्टी तिची, माल तिचा. नाव मात्र कुणाचंच नव्हतं, आणि तिलाही त्याचं काही वाटत नव्हतं. मग चार वर्षांपूर्वी एका हॉटेलचा माणूस माल बघायला आला. बन तोडून, वास घेऊन, तोंडात टाकून म्हणाला, "वा! कोण करतं हे?" मुक्ताई समोरच उभी होती, कोपरापर्यंत मैद्यात. शेठ म्हणाले, "आमचे कारागीर आहेत आत." त्या माणसानं तिच्याकडे बघितलं, तेव्हा शेठनी ओळख करून दिली, "या पॅकिंगच्या मावशी."

शेठच्या मनात काही वाईट नव्हतं. हीच तर खरी संतापायची गोष्ट. वाईट मनात असतं तर भांडता आलं असतं. शेठना ती खरोखरच पॅकिंगची मावशी दिसत होती.

त्या दिवशी घरी जाऊन तिनं भाकरी अशी थापली, की हिंमतराव टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाले, "काय झालं व?"

"मले कागद पाह्यजे," मुक्ताई म्हणाली. "मी काय करतो ते लिवलेला कागद. सरकारी शिक्क्याचा."

"कायले? तुले येते ना सारं."

"मले येते. त्यायले दिसत नाई."

वाघोलीत हार्डवेअरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर एक प्रशिक्षण केंद्र होतं. बेकरीच्या कामाचे तिथे लेव्हल होते: दोन, तीन, चार. दर रविवारी दोन बस बदलून ती तिथे जायला लागली. वर्गात सगळी विशीतली मुलं. शिकवणारी शेफाली मॅडमसुद्धा तिच्या थोरल्या मुलीपेक्षा फार मोठी नसेल. पहिल्या दिवशी मुलांनी तिला झाडूवाली समजून बाकावरून पाय वर घेतले. मुक्ताई त्या बाकावर बसली, पिशवीतून वही काढली आणि म्हणाली, "पाय खाली ठेवले तरी चालतील."

लेव्हल दोनच्या तोंडी परीक्षेत तिला विचारलं, कामाआधी हात किती वेळ धुवावेत? तिनं सांगितलं, स्वच्छ होईस्तोवर. बरोबर उत्तर वीस सेकंद होतं. "वीस सेकंदांत नाही झाले स्वच्छ, तर काय तसेच घालायचे पिठात?" असं तिनं परीक्षकाला विचारलं, आणि त्या एका प्रश्नाचा गुण घालवून बाकीच्या सगळ्यांवर पास झाली.

लेव्हल तीनला अडचण आली ती डिग्रीची. मुक्ताईची भट्टी ओळखायची रीत अशी: चिमूटभर मैदा भट्टीच्या तळावर टाकायचा आणि आकडे मोजायचे. वीस म्हणेपर्यंत बदामी झाला तर पाव लावायचा. दहातच काळा पडला तर दार उघडून थांबायचं. परीक्षेत हे चालत नव्हतं. तिथे तापमान लिहावं लागे. कुणी दुसरं असतं तर आपली रीत सोडून आकडे घोकले असते. मुक्ताईनं भट्टीचा थर्मामीटर आणला आणि दोन महिने रोज मैदाही टाकला, थर्मामीटरही लावला. कालनिर्णयाच्या पाठीमागे तिनं कोष्टक केलं: माझे वीस म्हणजे त्यांचे दोनशे वीस, माझे तीस म्हणजे त्यांचे एकशे नव्वद. ते कोष्टक शेफाली मॅडमनी फोटो काढून सगळ्या वर्गाला पाठवलं. "मावशी, धिस इज सॉलिड," त्या म्हणाल्या. मुक्ताईनं घरी येऊन हिंमतरावांना सांगितलं, की मॅडम मला घट्ट म्हणाल्या, आणि दोघं पोट धरून हसले.

राहिला लेव्हल चार. आणि नेमकी त्याच वेळी शाळेची गोष्ट निघाली.

लोणी काळभोरकडच्या एका निवासी शाळेला रोज बाराशे बन हवे होते. शाळेची अट साधी होती: रोजच्या मालासोबत एक कागद यायचा, त्यावर मैदा कधीचा, भट्टी किती, माल किती वाजता निघाला हे लिहायचं, आणि खाली 'जबाबदार बेकर' या रेघेवर लेव्हल चार किंवा त्याच्या तोडीचं शिक्षण असलेल्या माणसाची सही. शेठना एकदम आपला पुतण्या ऋषी आठवला. ऋषीनं हॉटेल मॅनेजमेंट केलं होतं. ते तोडीचं धरलं जात होतं. ऋषीला केकवर गुलाब काढता येत. पाव त्यानं आयुष्यात फक्त खाल्ला होता.

"काम तुम्हीच बघा, मावशी," शेठ म्हणाले. "सही तो करेल. सहीत काय आहे?"

"सहीत काही नाही, तर माझीच घ्या की," मुक्ताई म्हणाली.

शेठनी पेपर उचलला. मग म्हणाले, "कागद आणा."

महिन्याभरात परीक्षा होती. शाळेचा माल त्याच्या दहा दिवसांनी सुरू व्हायचा होता. सरळ हिशेब होता: लेव्हल चार मिळाला तर त्या रेघेवर मुक्ताई गावंडे, नाही तर ऋषी, आणि एकदा ऋषी बसला की पुढची पंधरा वर्षं मुक्ताईचा पाव आणि ऋषीचं नाव. ती रात्रंदिवस त्या रेघेचाच विचार करायला लागली. बायकांना दागिन्याचं वेड असतं म्हणतात. हिला एका रेघेचं लागलं.

लेव्हल चारला एक पदार्थ आपला स्वतःचा करायचा असतो, आणि त्याचं लेबल आपणच लिहायचं असतं: यात काय काय आहे, जास्त असेल ते आधी, कमी असेल ते नंतर. इतर मुलं चॉकलेट आणि चीजच्या मागे लागली. मुक्ताईनं सांबारवडी घेतली. तिकडे कारंज्याला थंडीत घरोघर होते ती: सुकं खोबरं, खसखस, तीळ, हिरवी मिरची आणि ढीगभर कोथिंबीर, असं सारण भरून तळलेली वडी. तिनं ते सारण खारीच्या पदरांत भरलं आणि भाजलं. पहिल्या दिवशी सारणाच्या पाण्यानं पदर बसले. दुसऱ्या दिवशी तिनं कोथिंबीर धुऊन रात्रभर फडक्यावर पसरली, तेव्हा खारी अशी फुलली, की हिंमतरावांनी चार खाल्ल्या आणि पाचवी डब्यात लपवली.

परीक्षेला केतकर मॅडम आल्या. प्रियदर्शनी केतकर: पन्नाशी उलटलेल्या, कडक इस्त्रीची सुती साडी, चष्मा साखळीला. त्यांनी सगळ्यांचा माल बघितला, चाखला, आणि चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. मुक्ताईच्या टेबलापाशी त्यांनी खारी मोडली, लेबल उचललं, चष्मा लावला.

"गावंडे, यात सांबार लिहिलंय आपण. सांबार कुठे आहे?"

"आतमध्ये हाय ना मॅडम," मुक्ताई म्हणाली. घाबरली, की तिची भाषा थेट कारंज्याला जायची. "हिरवंगार दिसून राह्यलं."

"हिरवं दिसतंय ती कोथिंबीर आहे."

"हाव, तेच."

केतकर मॅडमनी एक क्षण तिच्याकडे बघितलं, मान हलवली आणि लिहून घेतलं. दोघींनाही वाटलं, आपलं बोलणं समोरचीला कळलं.

आता, चौदा वर्षं पुण्यात काढलेल्या बाईला कोथिंबीर हा शब्द माहीत नव्हता का? चांगला माहीत होता. पुण्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं भाजीवाल्याकडे सांबाराची जुडी मागितली होती, आणि तो म्हणाला होता, "मावशी, सांबार हॉटेलात, इथे भाजी." दुकान हसलं होतं. त्या दिवसापासून तिनं बाजारात कधी चुकून सांबार म्हटलं नव्हतं. पण घरात, हिंमतरावांशी बोलताना, स्वतःशी बोलताना ती कोथिंबिरीला सांबारच म्हणायची. परीक्षेच्या दिवशी समोर कोरा कागद आला, हातात पेन आलं, आणि तिनं जो शब्द जन्मापासून त्या पानांना लावला होता तोच लिहिला. लिहिताना तिला कळलंसुद्धा नाही.

आठ दिवसांनी निकाल आला. पीठ: सक्षम. भट्टी: सक्षम. स्वच्छता: सक्षम. लेबल: 'नमूद केलेला घटक, सांबार, पदार्थात आढळला नाही. पदार्थात असलेला घटक, कोथिंबीर, नमूद केलेला नाही.' लेबलाचा भाग सक्तीचा. आणि सगळ्यात खाली, जाड अक्षरांत: अद्याप सक्षम नाही.

मुक्ताईनं ते शेफाली मॅडमच्या टेबलापाशी उभ्यानं वाचलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिनं पुसलं नाही, कारण पुसलं तर सगळ्यांना दिसलं असतं. चौदा वर्षं. अद्याप.

"मावशी, टेन्शन नका घेऊ," शेफाली मॅडम म्हणाल्या. "तीन महिन्यांनी फक्त लेबलची रीटेस्ट. कोथिंबीर लिहायचं, विषय संपला."

"आणि तोवर मी सक्षम नाही?"

"ती फक्त टर्म आहे हो."

"मॅडम, तुमच्या कागदावर लिहिलंय, की मी सांबार लिहून खारीत सांबार घातलं नाही. म्हणजे मी खोटा माल केला. तीन महिन्यांनी कोथिंबीर लिहिली, की मी कबूल केलं, की हो, केला होता. मी नाही केला." तिचा आवाज चढला तशी वर्गातली मुलं वळून बघायला लागली. "अपील कुठे करायचं असतं?"

अपिलाचा अर्ज तिनं तिथेच भरला. सुनावणी पंधरा दिवसांनी होती. शाळेचा माल मात्र दोनच दिवसांनी सुरू.

बेकरीत छापलेली पॅडं येऊन पडली होती. शंभर पानांचं एक, अशी चार. 'जबाबदार बेकर' या रेघेखाली नाव छापलेलं: ऋषी. पुढे त्याचं आडनाव, डिप्लोमा, सगळं. शेठ कशात घाई करत नसत, पण यात केली होती. मुक्ताईनं पॅडकडे बघितलं, शेठकडे बघितलं, आणि पीठ मळायला गेली.

पहिला माल निघाला. ऋषी पेन घेऊन आला, मान खाली. पोरगा वाईट नव्हता.

"सही करायच्या आधी हात लाव," मुक्ताई म्हणाली.

"मावशी?"

"बाराशे पोरं खाणार आहेत, आणि खाली नाव तुझं आहे. दोन बोटं दाब. वर येतो का बघ. प्रत्येक ट्रे."

ऋषीनं चाळीसही ट्रे दाबले. चौदाव्या ट्रेपाशी तो थांबला. "हा येत नाहीये वर."

"शाबास. घाल आत."

रोज असं चाललं. सहाव्या दिवशी ऋषी म्हणाला, "मावशी, मला ही सही करताना लाज वाटते." मुक्ताई म्हणाली, "वाटू दे. लाजेनं काही बिघडत नाही."

इकडे अपिलाची तयारी. केंद्राच्या नियमांची पुस्तिका तिनं शेफाली मॅडमकडून घेतली आणि लेबलाचं पान इतकं वाचलं, की पुस्तिका तिथेच उघडायला लागली. तिथे एक वाक्य होतं: घटकाचं नाव ग्राहकाला समजेल असं प्रचलित असावं. ग्राहकाला. मुक्ताई त्या शब्दावर बोट ठेवून बसली. मग उठली, वही घेतली, आणि दुपारच्या सुट्टीत बेकरीच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर उभी राहिली.

"एक विचारू? सांबार म्हणजे काय?"

आठ दिवस तिनं हे केलं. विश्रांतवाडीच्या गिऱ्हाइकांनी तिला वेड्यात काढलं. एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "आपल्याला माहीत नसेल तर विकता कशाला?" कॉलेजची पोरं म्हणाली, "मावशी, इडलीवालं, ऑबव्हियसली." एक बाई म्हणाल्या, "आम्ही बाहेरचं खात नाही," आणि दोन पिशव्या टोस्ट घेऊन गेल्या. पण अधूनमधून, कारखान्याच्या बसमधून उतरलेला एखादा माणूस, बांधकामावरची एखादी बाई, कोपऱ्यावरच्या एटीएमचा पहारेकरी थबकायचा. "सांबार? आपला हिरवा?" असं म्हणताना त्याच्या तोंडावर काय उमटायचं ते बघून मुक्ताईला रोज नवा जोर यायचा. अमरावतीचे, यवतमाळचे, अकोल्याचे, आणि इडलीवालेही, सगळे तिनं वहीत सहीसकट लिहून घेतले. एका म्हातारीला सही येत नव्हती, तिनं अंगठा दिला आणि वर विचारलं, "कोर्टात केस हाय काय व माय?"

शेवटच्या दिवशी तिनं बेरीज केली. इडलीचं म्हणणारे एकशे बारा. कोथिंबीर म्हणणारे एकसष्ट.

हिंमतराव म्हणाले, "हे कायले नेतं? त्यायचेच जास्त भरले. फक्त आपले एकसष्ट दाखव."

"आन् मंग मी खोटा कागद करू? तेच तर त्यायनं माह्यावर लिवलं!"

हिंमतरावांनी टीव्ही लावला. बायकोच्या डोक्यात भट्टी पेटली, की दार उघडून थांबायचं, हे त्यांना लग्नापासून माहीत होतं.

सुनावणीला केतकर मॅडम, शेफाली मॅडम आणि केंद्राचे एक साहेब होते. मुक्ताई खारीचा डबा, वही आणि पुस्तिका घेऊन गेली. बसा म्हटल्यावर बसली नाही.

"मॅडम, पुस्तिकेत लिहिलंय, नाव ग्राहकाला समजलं पाहिजे. मी ग्राहकांना विचारलं." तिनं वही पुढे सरकवली. "एकशे बारा म्हणाले इडलीचं. एकसष्ट म्हणाले कोथिंबीर. म्हणजे तुमचं बरोबर आहे."

साहेबांनी मान वर केली. अपील करणारं माणूस असं कधी म्हणत नाही.

"पण ती एकसष्ट माणसं पण खाणारीच आहेत. पुण्यातच राहतात, पुण्यातलाच पाव विकत घेतात. त्यांच्यासाठी लेबल कोणी लिहायचं? आणि माझ्या खारीत सांबार आढळला नाही असं तुम्ही लिहिलंत. तो होता. तुम्ही खाल्लात. चांगला आहे म्हणून मानसुद्धा हलवलीत. तेवढी एक ओळ खोटी आहे, ती काढा."

केतकर मॅडमनी वही पूर्ण वाचली. एकशे त्र्याहत्तर नावं. अंगठ्यापाशी जरा थांबल्या. मग चष्मा खाली सोडला.

"गावंडे, माझ्या बहिणीला कोथिंबीर चालत नाही. खाल्ली, की अंगभर गांधी उठतात, श्वास लागतो. दोनदा दवाखान्यात न्यावं लागलंय. ती प्रत्येक पुड्यावरचं लेबल वाचते. तिनं तुमचं लेबल वाचून ही खारी उचलली असती, तर?"

मुक्ताईनं वहीकडे बघितलं. आठ दिवस तिनं एकशे त्र्याहत्तर माणसांना विचारलं होतं, पण हे एक माणूस तिच्या वहीत नव्हतं.

"लेबल करणाऱ्यासाठी नसतं, खाणाऱ्यासाठी असतं," केतकर मॅडम म्हणाल्या. "आपला शब्द चुकीचा नाही. आपण तो एकटाच लिहिलात, ही चूक. ती चूक राहणार, निकाल बदलणार नाही. ती ओळ मात्र मी काढते. 'पदार्थात आढळला नाही' हे लिहिताना मी आपल्याला विचारायला हवं होतं. नाही विचारलं." त्यांनी साहेबांकडे वळून म्हटलं, "फेरपरीक्षेला तीन महिने थांबायचं कारण मला दिसत नाही. कागद द्या यांना."

कोरं लेबल पुढे आलं. मुक्ताई आता बसली. पेन धरलं. मैदा. लोणी. मग ती थांबली. शेफाली मॅडम समोरून ओठ हलवून सांगत होत्या: को-थिं-बीर. मुक्ताईनं त्यांच्याकडे बघितलं नाही. लिहिलं, आणि कागद फिरवून पुढे केला.

मैदा, लोणी, सांबार (कोथिंबीर), सुकं खोबरं, तीळ, खसखस, हिरवी मिरची, मीठ.

केतकर मॅडम वाचत राहिल्या. "एकशे बारा माणसं कंसात, आणि एकसष्ट बाहेर?"

"एकशे बारा माणसांना कंस वाचता येतो, मॅडम," मुक्ताई म्हणाली. "आणि तुमच्या बहिणीलाही."

केतकर मॅडमच्या चेहऱ्यावरची ती रेघ, जी परीक्षेत हलली नव्हती, ती एका बाजूनं जराशी हलली. त्यांनी शिक्का मारला. मग डब्याकडे बोट केलं.

"हा पुरावा म्हणून आणलाय, की खायला?"

दुसऱ्या दिवशी मुक्ताईनं लेव्हल चारचा कागद शेठच्या पेपरवर ठेवला, बातमीच्या मधोमध. शेठनी तो वाचला. म्हणाले, "हं." मग पॅडांकडे बघून म्हणाले, "पण मावशी, ही छापून झालीत. चार पॅडं आहेत. वाया घालवायची का?"

"नका घालवू," मुक्ताई म्हणाली.

त्या दिवसापासून रोज सकाळी माल निघाला, की ती पट्टी घ्यायची, छापलेल्या ऋषीच्या नावावर एक सरळ रेघ मारायची आणि वर स्वतःच्या हातानं लिहायची: मुक्ताई गावंडे. खाली सही. पहिल्या दिवशी ऋषीनंच तिला पट्टी आणून दिली. रोज एक रेघ. लोणी काळभोरच्या शाळेत ते कागद फाईलला लागत होते, आणि तिथल्या कारकुनानं एकदा फोन करून विचारलं, रोज नाव का खोडता? मुक्ताई म्हणाली, "चुकीचं छापलंय म्हणून."

वर्षाहून जास्त चालली ती पॅडं. चौथं संपलं त्या आठवड्यात शेठनी नवं पॅड तिच्यासमोर ठेवलं, आणि मुद्दाम तिथेच उभे राहिले. 'जबाबदार बेकर' या रेघेखाली स्वच्छ काळ्या अक्षरांत छापलं होतं: सौ. मुक्ताई हिंमतराव गावंडे, लेव्हल चार.

भट्टीतून माल निघाला. तिनं दोन बोटं दाबली, पाव वर आला. तिनं पॅड ओढलं, पट्टी ठेवली आणि सवयीनं छापलेल्या नावावर सरळ एक रेघ मारली.

"अहो मावशी!" ऋषी ओरडला. "ते तुमचंच होतं!"

मुक्ताईनं बघितलं. खरंच, स्वतःचंच नाव खोडलं होतं. शेठनी कपाळाला हात लावला. "आता दुसरं पान घ्या, आणि काय."

"राहू द्या," मुक्ताई म्हणाली. छापणाऱ्यानं काय छापलंय ते तिनं नीट वाचलं, मग त्या रेघेच्या वर, रोजच्यासारखं, मैद्याच्या हातानं लिहिलं: मुक्ताई गावंडे.